बाईंचा डावा हात

कचेरीच्या स्नेहसंमेलनात मी गिटार वाजवायला बसलो आणि दुसऱ्याच कडव्याला तबलजीला मागे टाकून पुढे निघून गेलो. मला वाटलं, तोच चुकला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं. तो बिचारा मान खाली घालून मला गाठायचा प्रयत्न करत होता. मी अडखळलो की तो थांबे, मी धावलो की तो धावे, आणि समोरची बाबूमंडळी एव्हाना उघड उघड हसायला लागली होती. शेवटी मी गाणं अर्ध्यावरच सोडलं. एका साहेबांच्या पत्नीने टाळ्या वाजवल्या. त्या एकट्याच वाजवत होत्या, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी उमरेडहून नागपूरला येऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून झालो होतो. महालात एक खोली घेऊन एकटाच राहत होतो. बदली होऊन गेलेला एक सहकारी जाताना त्याची स्पॅनिश गिटार मला देऊन गेला होता, आणि एका पुस्तकावरून दोन वर्षं मी ती शिकत होतो. शिकत होतो म्हणजे काय, तर रविवारी चार-चार तास बसायचो आणि सोमवार ते शनिवार तिला हातही लावायचो नाही. गाण्याचा सोपा भाग जोरात आणि भराभर वाजवायचो. अवघड जागा आली की अडखळायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. दोन वर्षांत माझ्या चुकासुद्धा मला पाठ झाल्या होत्या.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी गिटार खोळीत घालत होतो, तेव्हा तो तबलजी जवळ आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस, डोळे लाल. गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात नोकरीला होता आणि कुणी बोलावलं तर समारंभात तबला वाजवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत.

"साहेब, तुमचा हात बरा हाये," तो म्हणाला. "पण तुमाले कोणी शिकवलं नाई. रविवारी घरी या माझ्या. माझी बायको गिटार जाणते. मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकली ती, लहानपणी."

"त्या शिकवतील मला?"

"शिकवन. तिले बोलता येत नाई, पण शिकवन."

मला ते नीट कळलं नाही. पण त्या दिवशी "तुमचा हात बरा आहे" असं म्हणणारा तो एकच माणूस होता, म्हणून मी रविवारी सायकल काढून गेलो.

घर म्हणजे कापडबाजाराच्या मागच्या बोळात, एकापुढे एक अशा दोन खोल्या. आतल्या खोलीत खिडकीजवळ लोखंडी पलंग होता आणि त्यावर बाई बसवलेल्या होत्या. बसवलेल्या अशासाठी, की पाठीशी दोन उशा आणि एक गादीची गुंडाळी होती, ती काढली असती तर त्या कलल्या असत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं होतं. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. केस मास्तरांनीच विंचरलेले असावेत, भांग वाकडा होता. वाचा गेली होती, पण एक शब्द उरला होता. "नाई." पाणी हवं तरी नाई, नको तरी नाई, बरं वाटलं तरी नाई. मास्तरांना त्यातला प्रत्येक नाई वेगळा कळायचा. मला कळायला पुढे बरेच महिने गेले.

"वं, हे साहेब आले पाय," मास्तर म्हणाले. "यायले गिटार शिकव."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डावा हात पुढे केला. मला वाटलं नमस्काराला. त्यांनी माझी डाव्या हाताची बोटं धरली आणि एकेका बोटाचं टोक आपल्या अंगठ्याने दाबून पाहिलं. टोकं मऊ होती. मग नखं पाहिली. नखं वाढलेली होती.

"नाई," त्या म्हणाल्या. तेवढा एक नाई मला पहिल्याच दिवशी समजला.

मास्तरांनी नेलकटर आणून दिलं, मी तिथेच नखं कापली आणि वाजवायला लागलो. तिसऱ्या सुरावरच "नाई". पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच "नाई". त्या रविवारी मी दोन तास बसलो आणि दोनच कॉर्ड वाजवल्या, म्हणजे बोटांनी एकदम धरायचे सुरांचे दोन गुच्छ. एकीवरून दुसरीवर जायचं आणि परत यायचं, इतकंच. बोट तारेवर पडायच्या आत त्यांना कळायचं की हे चुकीच्या जागी पडणार. मी घाईने ते झाकायला गेलो की त्या माझ्या मनगटावर चापट मारायच्या. अंगठा गिटारच्या गळ्यामागून वर डोकावला की तो धरून खाली ओढायच्या. बोटं कशी ठेवायची हे दाखवायला त्या माझ्या डाव्या हाताच्या कोपराखाली आपली बोटं रोवून दाबायच्या: ही अशी, ही इथे, ही जराशी वाकडी. तारांच्या जागी माझा हात. घरी जाताना त्या जागी लाल वळ असायचे.

मी आल्यावर अर्ध्या तासात मास्तर बाहेरच्या खोलीत जाऊन चटईवर आडवे व्हायचे. मला वाटायचं, माझं तेच-तेच ऐकायचा कंटाळा येत असेल.

दुसऱ्या रविवारी बाईंनी पुन्हा बोटांची टोकं दाबून पाहिली. मी आठवडाभर हात लावला नव्हता. त्यांनी माझी बोटं सोडून दिली आणि खिडकीकडे तोंड केलं. त्या दिवशी शिकवणं झालं नाही. मी गिटार मांडीवर घेऊन तासभर बसलो आणि घरी गेलो. तेव्हापासून कचेरीतून आल्यावर रोज अर्धा तास बसायला लागलो, मग कितीही कंटाळा असो. महिन्याभरात टोकं कडक झाली. रविवारी चार तास बसून दोन वर्षांत जे झालं नव्हतं, ते रोजच्या अर्ध्या तासाने व्हायला लागलं, हे माझं मलाच खरं वाटेना.

आणखी एक गोष्ट मी तिथे शिकलो. सराव करताना चूक झाली की तिथल्या तिथे थांबायचं आणि तेवढीच जागा हळू, अगदी हळू, दहादा वाजवायची. पण मास्तर तबला घेऊन बसले की मग थांबायचं नाही. चुकलं तर चुकलं, तालाबरोबर पुढे जायचं. मी थांबलो की मास्तर ओरडायचे, "काहून थांबले गा? मी नाई थांबलो! बाकीचे काहून थांबतीन तुमच्यासाठी?" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपताना एक रविवार आला, तो मी विसरलेलो नाही. 'एफ' ही कॉर्ड मला काही केल्या जमत नव्हती. पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात, माझ्या अर्ध्या तारा मुक्याच राहायच्या. बाई वैतागल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून गिटार ओढली. मास्तर त्या दिवशी जागे होते. त्यांना काय ते कळलं. त्यांनी बाईंचा उजवा हात उचलून उशीवर ठेवला, गिटार त्यांच्या मांडीवर नीट बसवली आणि मला म्हणाले, "तुमी तिच्या इकडून बसा. उजव्या हातानं फक्त तारा छेडा."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. बाईंनी डाव्या हाताने एफ धरली. मी छेडलं.

तो आवाज माझ्या गिटारमधून कधी आला नव्हता. सहाच्या सहा तारा भरून वाजल्या. त्यांनी हात सरकवला, मी छेडत राहिलो. त्यांची बोटं आधी जड होती, मग सैल झाली. त्या एका मागून एक कॉर्ड घेत गेल्या, अशा, की ज्या मी पुस्तकातही पाहिल्या नव्हत्या. मला कुठे जायचं आहे ते कळत नव्हतं, मी फक्त त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून हात चालवत होतो. मास्तर दाराला टेकून उभे होते. दोनेक मिनिटं हे चाललं असेल. मग एका जागी बाईंनी मध्येच लय बदलली, माझ्या हाताला ती समजली नाही, आणि सगळं विस्कटलं. त्यांनी उशीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो तिथे तसाच पडला होता, बोटं आत वळलेली. त्यांनी डाव्या हाताने गिटार ढकलून दिली. ती पडलीच असती, मी धरली.

त्यानंतरचे दोन रविवार त्यांनी मला खोळ उघडू दिली नाही. मी जायचो, बसायचो, चहा प्यायचो. मास्तर बाहेर झोपायचे.

बाईंची स्वतःची गिटार घरात नव्हती. पक्षाघात झाला त्या दिवसांत कुणीतरी ओळखीचं "जरा वापरतो" म्हणून घेऊन गेलं होतं आणि ती परत आली नव्हती. माणसंही अशीच गेली होती. मास्तर भिवापूरकडच्या शेतकरी घरातले. मिशनमधल्या मुलीशी लग्न केलं म्हणून भावांनी संबंध तोडला होता. बाईंच्या बाजूने कुणी नव्हतंच. मूलबाळ नाही. शेजारच्या एक बाई दुपारी येऊन भात भरवून जात, बाकी सगळं मास्तरच करत, दुकानातून दिवसातून चार-चारदा घरी पळत येऊन.

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी पुन्हा वाजवलं. तबल्यावर मास्तरच होते. एकदा बोट घसरलं, पण मी थांबलो नाही, आणि कुणाला कळलंही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातून एका मोहल्ल्यातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी मला बोलावलं. त्यांच्या तालमी रविवारी असायच्या. मी मास्तरांना सांगितलं की आता एक सोडून एक रविवारी येईन. ते "बरं" म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, शिष्य दुरावतो म्हणून उतरला. त्यात मला थोडं बरंही वाटलं.

मग मे महिना आला. नागपूरचा मे. मास्तरांच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती, पण तिच्यावर पाणी मारायला कुणी उठलं नव्हतं, ती कोरडी ठणठणीत होती. मास्तर बाहेर झोपले होते. झोपण्याआधी मला म्हणाले होते, "भाऊ, आज मले उठवू नका. लय थकलो." मी एक नवी चाल वाजवत होतो आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "नाई," त्या म्हणाल्या. मी थांबलो. त्यांचा हा नाई मी आधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळाने खोलीत वास आला, तेव्हा मला समजलं.

मी मास्तरांना हाक मारायला हवी होती. शेजारच्या बाईंना बोलवायला हवं होतं. निदान उठून बाहेर तरी जायला हवं होतं. मी यातलं काही केलं नाही. मी मान खाली घातली आणि वाजवत राहिलो. मला काही कळलंच नाही, असं दाखवत. किती वेळ ते सांगता येणार नाही. पाऊण तास असेल. बाईंनी एकदाही नाई म्हटलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि तसंच ठेवलं. मी चुकत होतो, सारखा चुकत होतो, आणि कुणीच मला थांबवत नव्हतं.

मास्तर उठून आत आले आणि दारातच उभे राहिले. मला म्हणाले, "बाहेर बसा."

मी बाहेरच्या पायरीवर बसलो. आत बादलीचा आवाज, पाण्याचा आवाज, मास्तरांचं हळू बोलणं. "झालं वं, झालं. आता होते." मग बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, धोतराला हात पुसत, आणि माझ्या शेजारी बसले.

"उठवाले पायजे होतं मले," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणाले होते, उठवू नका."

"म्हणलो होतो." "राग नका मानू, पण आता सांगूनच टाकतो. तुमचा हात काई बरा नव्हता तवा. गिटारसाठी नाई बोलावलं मी तुमाले. तिले एकटं ठेवता येत नाई, घडी-घडी कूस पालटून द्या लागते. दोन वर्षं मी सलग दोन घंटे झोपलो नव्हतो. मनलं, कोणी बसणारं भेटलं त बरं. तेवढंच होतं."

मी सायकल काढली आणि निघालो.

मला वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं. पण आज इतक्या वर्षांनी खरं सांगायचं तर ते दुखावलं जाणं माझ्या सोयीचं होतं. मास्तरांनी मला फसवलं, माझा वापर केला, असं मी स्वतःला सांगू शकत होतो, आणि मग त्या खोलीत परत जायची गरज नव्हती. बाईंनी मला फसवलं नव्हतं. त्यांनी मला एकेक बोट धरून शिकवलं होतं. माझी टोकं मऊ असली की त्यांना राग यायचा, इतकं त्यांनी ते मनावर घेतलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी गेलो नाही. जून गेला, जुलै गेला. रविवारी मी ऑर्केस्ट्राच्या तालमीला जायचो आणि तिथे माझं कौतुक व्हायचं. "ताल पक्का आहे याचा," म्हणायचे.

ऑगस्टमध्ये एका लग्नाच्या स्वागत समारंभात दुसराच तबलजी आला. मी सहज मास्तरांचं विचारलं. तो म्हणाला, "त्यायच्या घरी लय वाईट चालू आहे. बाईले दुसरा झटका आला ना. महिना झाला."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. बाई आडव्या होत्या. आता उशांचा टेकू नव्हता, कारण बसवण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावा हातही गेला होता. डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर ठरत नव्हते. तो एक शब्दही आता नव्हता. मी त्यांचा डावा हात हातात घेतला. तो गरम होता, आणि इतका हलका की मला धक्का बसला. मास्तर कोपऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. "बसा," म्हणाले, आणि निवडत राहिले.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गेलो. मी रात्रीची जेवणं आणली, बाईंची कूस पालटायला शिकलो, चादर बदलायला शिकलो. जे मेमध्ये मला करवलं नव्हतं ते सगळं केलं. अवघड काही नव्हतं त्यात. कुणीही करू शकेल असं होतं. गिटार मात्र मी एकदाही नेली नाही. मास्तर एकदा म्हणाले, "आणा ना, आयकन ती." मी आणतो म्हणालो. मला धीर झाला नाही. अठरा-वीस दिवसांनी बाई गेल्या. पुरायला आम्ही दहा माणसंही नव्हतो. दुकानातले दोघे, शेजारच्या बाई आणि त्यांचा नवरा, मिशनमधून आलेल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना बाईंचं माहेरचं नाव माहीत होतं. त्या नावाने त्यांनी प्रार्थना म्हटली. मास्तरांना ती येत नव्हती, ते नुसते उभे होते.

महिन्याभरात भिवापूरहून मास्तरांचा मोठा भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. बाई होत्या तोवर जो उंबरा बंद होता तो आता उघडला. मास्तरांनी तबला-डग्गा दुकानातल्या एकाला देऊन टाकला.

पुढच्या हिवाळ्यात कचेरीच्या कामाने मला उमरेडला जायचं होतं. काम दुपारीच संपलं. घरी न जाता मी भिवापूरची बस धरली. गावाबाहेरच्या खळ्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, दूरपर्यंत लाल, आणि खाट टाकून मास्तर राखणीला बसले होते. वाऱ्याने ठसका येत होता. त्यांनी मला ओळखलं, उठून उभे राहिले, खाटेवर जागा करून दिली. भावाच्या घरी बरं चाललं आहे म्हणाले. जेवण वेळेवर मिळतं म्हणाले.

"वाजवून राहिले ना अजून?"

"हो. रोज."

"ते बेस हाये. सोडू नका."

एक कुत्रं मिरच्यांच्या कडेने आलं, त्यांनी त्याला हाकललं आणि परत येऊन बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू का भाऊ? ते दोन महिने तुमी काहून नाई आले? मी बोललो म्हणून का? का तिचं पाहून?"

मला खरं सांगता आलं असतं. ते रागावले नसते, हे मला माहीत होतं.

"इन्स्पेक्शन होतं मास्तर कचेरीत," मी म्हणालो. "रविवारीही बसावं लागे."

"असं का." त्यांनी मान हलवली. "मले वाटलंच. मी तिले तेच सांगो. ती दर रविवारी दाराकडे पाहे, तर मी म्हणो, साहेबाले काम असन वं, सुट्टी नसन. बरं झालं. म्हणजे खोटं नाई बोललो मी तिच्याशी."

त्यांना खरंच बरं वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटच्या बसची वेळ झाली तशी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले, आणि बस येईपर्यंत आम्ही यंदाच्या मिरचीबद्दल बोलत उभे राहिलो.